घरभाड्यातील तूट आणि सरकारी तिजोरी

कामगारांसाठी किंवा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सरकारी मंडळाने बांधलेली एखादी वसाहत आपण पाहतो तेव्हा दृष्टीस पडतात त्या तिच्या इमारती, जिने, पाण्याच्या टाक्या आणि मधली मोकळी पटांगणे. ज्या जमाखर्चावर ती सारी वास्तू उभी असते तो मात्र दप्तरातच राहतो आणि सहसा कोणी तो उघडून पाहत नाही. त्या जमाखर्चात दोन आकडे महत्त्वाचे असतात. घर बांधण्यासाठी काढलेले कर्ज व्याजासह फिटावे, वेळच्या वेळी दुरुस्ती व्हावी, नगरपालिकेचा कर भरला जावा आणि व्यवस्थेचा खर्च भागावा, एवढ्यासाठी त्या घराचे जे भाडे यावयास हवे, तो पहिला आकडा. आणि ज्याच्यासाठी घर बांधले त्या माणसाला आपल्या मिळकतीतून जे भाडे देणे शक्य असते, तो दुसरा. पहिल्यास ‘आर्थिक भाडे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे दोन आकडे आपोआप जुळत असते तर सरकारने या उद्योगात पडण्याचे कारणच उरले नसते, कारण ती घरे खाजगी मालकांनी केव्हाच बांधली असती. ते जुळत नाहीत. त्यांच्यात तूट असते. आणि सार्वजनिक गृहनिर्माण संस्थांना सरकार पैसा कसा पुरविते या प्रश्नाचे सार एवढेच, की ही तूट कोणाच्या खात्यावर मांडावयाची. मुंबई शहरात गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला इतकी भिन्न उत्तरे देऊन झाली आहेत, की त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा विषय जवळजवळ संपूर्ण समजतो.

तूट किती मोठी असते याची कल्पना येण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. पाच हजार रुपयांत एक खोली बांधून झाली आणि ती रक्कम 25 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने उभारली, असे धरा. व्याज मुळीच नसते तर दरसाल 200 रुपये, म्हणजे दरमहा सतरा रुपयांच्या आत, एवढे भरून मुद्दल फिटले असते. व्याज धरले की समान वार्षिक हप्ता सुमारे 337 रुपयांचा, म्हणजे महिन्याला 28 रुपयांचा होतो. आणि व्याजाचा दर साडेसहा टक्क्यांवर गेला तर तोच हप्ता महिन्याला 34 रुपयांवर जातो. विटा त्याच, चुना तोच, गवंड्याची मजुरी तीच. केवळ दोन टक्क्यांच्या फरकाने भाडेकरूवर महिन्याला सहा रुपयांचा बोजा वाढतो. यात अद्याप दुरुस्ती, पट्टी, झाडलोट, रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचे नुकसान आणि बुडणारे भाडे या बाबी धरलेल्याच नाहीत. आता ज्याची मिळकत महिन्याला शंभर रुपये आहे आणि त्यातील दहावा हिस्सा जो घरभाड्यास देऊ शकतो, अशा माणसाला ही खोली द्यावयाची तर भांडवलाचा अर्धा भाग सरकारने अनुदान म्हणून कायमचा सोडून दिला तरीही हप्ता चौदा रुपयांचा उरतो आणि तो दहा रुपयांत बसत नाही. गरिबांचे घर महाग होते ते विटांमुळे जितके, तितकेच पैशाच्या भाड्यामुळे होते, ही गोष्ट लक्षात आली म्हणजे सरकारे व्याजाच्या दराशी एवढी झटापट का करीत आली हेही उमगते.

1896 साली मुंबईत मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ उद्भवली आणि मूळ गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी तिचे निदान केले. त्या साथीने दाट वस्तीतील अंधाऱ्या घरांचा प्रश्न राज्यकर्त्यांच्या दारात आणून उभा केला, आणि 1898 च्या कायद्याने ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था जन्मास आली. या ट्रस्टची आर्थिक रचना मोठी बोधप्रद होती. सरकारने आणि नगरपालिकेने तिला रोख भांडवलाऐवजी आपल्या मालकीच्या जमिनी दिल्या. नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातील एक ठराविक वाटा दरसाल द्यावा असे ठरले. आणि उरलेला पैसा ट्रस्टने कर्जरोखे विकून बाजारातून उभारावयाचा होता. या रचनेच्या मुळाशी असलेली अपेक्षा अशी, की दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, जमिनीचे सुबक भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले, म्हणजे जमिनीचे मोल वाढेल आणि त्या वाढीतून रोख्यांचे व्याज, मुद्दल आणि गरिबांच्या चाळींतील तूट, सर्वच फेडता येईल. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट आणि पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती या त्याच हिशेबातून निघाल्या, आणि नगररचना म्हणून त्या खरोखर उत्तम झाल्या. पण गरिबांच्या खात्यापुरता हिशेब चुकला. घरमालकाला द्यावयाची नुकसानभरपाई त्याच्या घराच्या उत्पन्नावरून ठरे, आणि ज्या घरात माणसे अधिक कोंबलेली त्याचे उत्पन्न अधिक. त्यामुळे जे घर सर्वांत रोगट तेच पाडावयास सर्वांत महाग, अशी विपरीत स्थिती झाली. पैसा रस्त्यांत आणि भरपाईत गेला, जमिनीचे मोल अपेक्षेप्रमाणे चटकन वाढले नाही, आणि आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांची बिऱ्हाडे उठली ती शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. 1933 साली ही संस्था नगरपालिकेत विलीन झाली.

दुसरा प्रयोग अधिक धाडसी होता, आणि त्याच्याकडे मी जरा सविस्तर पाहू इच्छितो, कारण तूट कोणी भरावी याचे उत्तर त्याने प्रथमच उघडपणे दिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत गिरण्यांची भरभराट होती आणि राहावयास जागा नव्हती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी 1920 साली विकास खाते स्थापन केले. मराठी माणसाच्या तोंडी असलेल्या ‘बीडीडी’ या अक्षरांचा उगम तो. या खात्याने समुद्र हटवून बॅक बेची जमीन काढावयाची होती आणि त्याच वेळी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधावयाच्या होत्या. पैशाची तजवीज दोन मार्गांनी झाली. प्रांतिक सरकारने विकास-कर्ज म्हणून रोखे काढले. आणि या कर्जावरील व्याज व भाड्यातील तूट भरून काढण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया जकात बसविली. ज्या धंद्याने कोकणातून आणि घाटावरून माणसे खेचून आणली, त्या धंद्याच्या कच्च्या मालाने त्या माणसांच्या निवाऱ्याचा काही भार उचलावा, हे तत्त्व मला आजही न्याय्य वाटते, आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांविषयी आपले मत काहीही असो, ते मांडल्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

मात्र तत्त्व न्याय्य असले तरी व्यवहार फसला. युद्धानंतरच्या तेजीत सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे भाव चढलेले असतानाच बांधकाम झाले, कर्जही महागच उभारले गेले, आणि हे दोन्ही बोजे त्या इमारतींच्या जन्मापासून त्यांच्या डोक्यावर बसले. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारी लांब अंधारी वाट, तिच्या दोन्ही बाजूंस खोल्या, मजल्यावर वीस आणि चाळीत ऐंशी. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस फूट, शौचकूप आणि नहाणीघर सामाईक. वरळीस 121, नायगावला 42, डिलाईल रोडवर 32 आणि शिवडीस 12 अशा एकूण 207 चाळी झाल्या, म्हणजे योजलेल्या 50,000 खोल्यांऐवजी सोळा-साडेसोळा हजार. त्यांचे आर्थिक भाडे गिरणीकामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते. ते उतरवून मागितले तरी वरळीची वस्ती त्या काळी गिरण्यांपासून लांब, बाजार नाही, जाण्यायेण्याची सोय नाही. त्यामुळे कामगार परळ-लालबागच्या जुन्या चाळींतच दाटीवाटीने राहणे पसंत करीत आणि वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडत. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने त्यांचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. भाडे आणखी खाली आणावे लागले, तूट वाढत गेली, जकातीचे उत्पन्न तिला पुरेना, आणि बॅक बेच्या कामातील खर्चाची व गैरव्यवस्थेची प्रकरणे वीर नरीमन यांनी वेशीवर टांगल्यावर त्या साऱ्या खात्याचीच पत गेली. अखेर उरलेला बोजा प्रांतिक तिजोरीवर पडला आणि सरकारने घरे बांधण्यातून दीर्घकाळ अंग काढून घेतले. महाग बाजारात महाग पैसा काढून बांधलेले घर पुढे दर कितीही उतरले तरी स्वस्त होत नाही. त्याच्या पहिल्या दिवसाचे व्याज त्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत भरावे लागते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1948 च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले, आणि 1952 साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी साहाय्यित गृहनिर्माण योजना सुरू केली. या योजनेने बसविलेली घडी पुढे देशभर रूढ झाली: राज्य सरकारने किंवा त्याच्या वैधानिक मंडळाने कामगारांसाठी घरे बांधल्यास मान्य खर्चाचा निम्मा भाग केंद्राने अनुदान म्हणून द्यावा आणि उरलेला निम्मा दीर्घ मुदतीच्या कर्जाने पुरवावा. कारखानदारांनी किंवा कामगारांच्या सहकारी संस्थांनी घरे बांधल्यास त्यांनाही अनुदान आणि कर्ज मिळे, परंतु प्रमाण कमी. 1954 साली अल्प उत्पन्न गटासाठी कर्जाची निराळी योजना आली, तर 1959 साली मध्यम उत्पन्न गटासाठी. टिळकनगर, पंतनगर, नेहरूनगर, कन्नमवारनगर ही नावे ज्यांच्या पत्त्यात येतात त्या हजारो मराठी कुटुंबांना कदाचित ठाऊक नसेल, की त्यांच्या वसाहतींमागे पंचवार्षिक योजनांतील अशा तरतुदींचा पैसा उभा आहे.

या काळातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 1956 साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्याकडे जमणारा विम्याचा पैसा राज्य सरकारांच्या द्वारे गृहनिर्माणाकडे वळविण्यात आला. विमा कंपनीची देणी दूरची असतात. तिशीत विमा उतरविणाऱ्याला पैसे द्यावयाचे ते पन्नाशी-साठीत, तेव्हा तिला दीर्घ मुदतीची, सुरक्षित गुंतवणूक हवी असते. आणि घराला नेमके दीर्घ मुदतीचेच कर्ज हवे असते. साताऱ्याच्या शिक्षकाने भरलेला विम्याचा हप्ता विक्रोळीच्या एखाद्या इमारतीच्या पायात जाऊन बसला, आणि दोन्ही बाजूंचे हित साधले. सामान्य बँकेला हे सहज जमत नाही, कारण तिच्या ठेवीदाराला आपली रक्कम उद्या परत हवी असू शकते.

याच संदर्भात ‘सरकारी हमी’ या साधनाचा उल्लेख केला पाहिजे. गृहनिर्माण मंडळ जेव्हा आपल्या नावाने रोखे काढते किंवा वित्तसंस्थेकडून कर्ज घेते, तेव्हा धनको त्याच्या इमारतींकडे पाहून पैसे देत नाही. गरीब भाडेकरूंनी भरलेली इमारत ही तारण म्हणून फारशी उपयोगाची नसते, कारण ती रिकामी करून विकता येत नाही. तो पाहतो तो सरकारचा शब्द. मंडळाने हप्ता चुकविला तर सरकार तो भरील, अशी हमी मिळाली की कर्ज मिळते आणि व्याजाचा दरही उतरतो. हमी देताना तिजोरीतून त्या दिवशी एक पैसाही जात नाही, म्हणून ती राज्यकर्त्यांना प्रिय असते. पण ज्या दिवशी मंडळाची वसुली खुंटते त्या दिवशी ती हमी खऱ्या देण्यात पालटते, आणि अंदाजपत्रकात कधी न दिसलेली तूट एकाएकी तिजोरीच्या दाराशी येऊन उभी राहते.

वसुली खुंटतच होती. भाडे कमी ठेवलेले, तेही थकलेले, थकबाकीदाराला बाहेर काढणे माणुसकीला आणि राजकारणाला सारखेच अवघड, आणि मधल्या काळात इमारती गळू लागलेल्या. तेव्हा पुष्कळ वसाहतींतील गाळे राहणाऱ्यांनाच भाडे-खरेदी पद्धतीने मालकीहक्काने देण्यात आले, जमीन तेवढी पट्ट्याने मंडळाकडे राहिली. भाडेकरू मालक झाला ही आनंदाची गोष्ट. मंडळाच्या माथ्यावरील दुरुस्तीचा भार उतरला हेही खरे. परंतु नव्याने शहरात येणाऱ्या गरिबाला भाड्याने देण्याजोगे घर मंडळाच्या हाती राहिले नाही, याचा विचार तेव्हा पुरेसा झाला नाही असे मला वाटते.

दुरुस्तीचा पैसा कोठून यावा, या प्रश्नाची उपेक्षा अन्यत्रही महाग पडलेली आहे. अमेरिकेत 1937 च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांनी रोखे काढावयाचे आणि त्यांचे मुद्दल व व्याज मध्यवर्ती सरकारने वार्षिक अंशदानातून फेडावयाचे, अशी व्यवस्था केली. भांडवलाची चिंता त्यामुळे मिटली, पण दैनंदिन खर्च आणि दुरुस्ती भाड्यातूनच भागावी असे गृहीत होते. दोन-तीन दशकांनी इमारती जुन्या झाल्या, भाडेकरू अधिक गरीब होत गेले, भाडी वाढली. तेव्हा 1969 साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाड्यावर मिळकतीच्या चौथ्या हिश्श्याची मर्यादा घातली गेली, आणि कमी पडणारा चालू खर्च मध्यवर्ती तिजोरीने द्यावा हे मान्य करावे लागले. तोपर्यंत सेंट लुई येथील प्रुइट-आयगो ही अवघ्या दीड-दोन दशकांपूर्वी बांधलेली प्रचंड वसाहत इतकी मोडकळीस आली होती, की 1972 पासून ती पाडण्यास आरंभ झाला. याच्या उलट व्हिएन्ना नगरपालिकेने 1923 साली खास गृहनिर्माण कर बसविला, तोही मोठ्या घरात राहणाऱ्यास चढत्या दराने, आणि त्या उत्पन्नातून कर्ज न काढता घरे बांधली. भांडवलावर व्याज नसल्यामुळे भाडे केवळ देखभालीपुरते ठेवता आले, आणि दहा वर्षांच्या आसपास साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. ती आजही वापरात आहेत. तूट त्या नगराने एका कराच्या खात्यावर, नाव घालून, मांडली होती.

आपल्याकडे नाव घालून मांडलेल्या तुटीचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा दुरुस्ती उपकर. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीस गोठविली. युद्धकाळात आणि फाळणीनंतर ती गोष्ट आवश्यक होती. पण महागाई वाढली, भाडे तेच राहिले, आणि पंधरा-वीस रुपये भाडे घेणारा मालक हजारो रुपयांची दुरुस्ती करीना. पावसाळ्यात गिरगाव, मांडवी, भायखळा या भागांतील लाकडी सांगाड्याच्या इमारती कोसळू लागल्या. तेव्हा 1969 च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण केले, आणि बेट-शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसविला. महापालिका तो मालमत्ता कराबरोबर वसूल करते. त्यात राज्य सरकार आणि महापालिका आपापली भर घालतात. आणि त्या निधीतून मंडळ चौरस मीटरमागे ठरलेल्या मर्यादेपर्यंत दुरुस्ती करून देते. मर्यादेपलीकडे खर्च गेला तर तो रहिवाशांनी द्यावयाचा असतो. आरंभी अशा इमारती 19,642 होत्या: सप्टेंबर 1940 पूर्वीच्या 16,502, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या 1,489 आणि 1951 ते 1969 या काळातील 1,651. या मंडळाने टेकू दिलेल्या तुळया आणि बदललेले जिने यांवर लाखो माणसांचा संसार आजवर तगला आहे. परंतु उपकराचा निधी दुरुस्तीसाठी आखलेला होता. शंभर वर्षांची इमारत नव्याने बांधण्याइतका पैसा त्यात कधीच नव्हता. जी इमारत दुरुस्त होण्यापलीकडे गेली तिचे रहिवासी संक्रमण शिबिरात गेले, आणि त्यांतील कित्येकांची पुढची पिढीही तेथेच वाढली.

1970 साली केंद्र सरकारने गृहनिर्माण व नागरी विकास महामंडळ, म्हणजे ‘हुडको’, स्थापन केले, आणि 1977 च्या डिसेंबरात राज्यातील निरनिराळी मंडळे एकत्र करून ‘म्हाडा’ अस्तित्वात आली. हुडकोने रोख्यांच्या द्वारे उभारलेला पैसा राज्यांच्या मंडळांना देताना एक विवेक पाळला: दुर्बल घटकांच्या घरांना कमी व्याज आणि लांब मुदत, वरच्या गटांच्या घरांना चढे व्याज, आणि एकंदर कर्जातील निम्म्याहून अधिक भाग खालच्या दोन गटांसाठी राखीव. एका खात्यातील जास्तीने दुसऱ्या खात्यातील तूट भरावी, हीच कल्पना 1985 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात जमिनीला लावली गेली. चारकोप, गोराई येथे गरिबांना सोयींनी युक्त लहान भूखंड अल्प किमतीस दिले, आणि त्याच आराखड्यातील मोठे भूखंड बाजारभावाने विकून तो खर्च भरून काढला. आज त्या भागात फिरणाऱ्याला बैठ्या घरांच्या रांगा दिसतात. त्या रांगांचा खर्च शेजारच्या मोठ्या भूखंडांनी दिलेला आहे. सार्वजनिक जमिनीचा इतका नेमका उपयोग मुंबईत फार थोड्या वेळा झाला.

याच मार्गाने पुढे जात आपण आजच्या व्यवस्थेपर्यंत येतो. सरकारी अनुदान आता लहान राहिले आहे: प्रधानमंत्री आवास योजनेतून भागीदारीत बांधलेल्या घराला केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाचे एक लाख रुपये मिळतात, आणि सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार व इतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत अशाच साहाय्यावर योजली गेली. तेथे जमीन तुलनेने स्वस्त असल्याने अडीच लाखांना अर्थ आहे. मुंबईत घराच्या किमतीपुढे ती रक्कम जवळजवळ दिसेनाशी होते, आणि तेथे खरा पैसा म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण, झाला आहे. जुन्या वसाहतीला अधिक बांधकामाची मुभा द्यावयाची; मूळ रहिवाशांना मोफत मोठे घर द्यावयाचे; वाढीव भागातील काही घरे किंवा अधिमूल्य म्हाडाने घ्यावयाचे, आणि उरलेली घरे बाजारात विकून सर्व खर्च निघावयाचा. त्या घरांची सोडत निघते तेव्हा अनामत रक्कम भरून अर्ज करणाऱ्या असंख्य कुटुंबांचे डोळे तिकडे लागतात. वर वर्णिलेल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकासही याच रीतीने चालला आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी रहिवाशाला 500 चौरस फुटांचे घर विनामूल्य, आणि त्याचा खर्च त्याच आवारात विकावयाच्या घरांमधून. एकेकाळी भाडेकरू मिळेना म्हणून तुरुंग झालेली वरळी आता आपल्या जमिनीच्या मोलावर स्वतःचीच पुनर्रचना करीत आहे. त्या रहिवाशांना चांगले घर मिळावे याचा मला मनापासून आनंद आहे; तीन-चार पिढ्या सामाईक शौचकूपापुढे रांगा लावलेल्यांचा तो हक्कच होता.

पण अर्थव्यवस्था म्हणून या पद्धतीचा दोष सांगितलाच पाहिजे. तूट येथे अंदाजपत्रकात दिसत नाही. ती विकल्या जाणाऱ्या घराच्या किमतीत बसलेली असते. म्हणून जागांचे भाव चढे असतील तरच गरिबाचे घर बांधले जाते, आणि भाव पडले की काम अर्धवट थांबते. मुंबईच्या कित्येक आवारांत असे अर्धे सांगाडे उभे राहिले आणि भाडेकरू वर्षानुवर्षे बाहेर राहिले. शिवाय जेथे जमीन महाग तेथेच ही पद्धत चालते. नांदेडला किंवा चंद्रपूरला विक्रीच्या घरांतून एवढा नफा निघत नाही, तेव्हा तेथील गरिबाला तिचा उपयोग नाही. आणि ज्या सार्वजनिक हक्कावर ती उभी आहे तो हक्क एका शब्दाने आकसू शकतो, हे गिरण्यांच्या जमिनींनी दाखविले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने बंद गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, तिसरा गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि तिसरा मालकाला, अशी वाटणी ठरविली होती. 2001 च्या बदलाने ती वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ कायम केला. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? सार्वजनिक घरांसाठी या शहराला मिळू शकणारे सर्वांत मोठे भांडवल असे हातचे गेले, आणि त्यासाठी विधिमंडळात कोणास तुटीची तरतूद नामंजूर करावी लागली नाही.

माझे मत असे, की गरिबांच्या घरांतील तूट ही लपविण्याची वस्तू नव्हे. शाळेत तूट असते, इस्पितळात असते, आणि ती अंदाजपत्रकात मांडताना कोणी संकोच करीत नाही. कापसाच्या गाठीवरील जकात अपुरी पडली, उपकर अपुरा पडतो, तरी त्या दोन्ही व्यवस्थांत कोणी किती दिले आणि कोणासाठी दिले हे नागरिकाला विचारता येत होते. जमिनीच्या विक्रीतून मिळणारा पैसा अवश्य घ्यावा, पण तो गृहनिर्माणाच्या खात्यात जमा म्हणून दाखवावा, आणि उरलेली तूट वार्षिक तरतुदीने, स्वस्त व दीर्घ मुदतीच्या कर्जाने आणि दुरुस्तीसाठी वेगळ्या राखलेल्या निधीने उघडपणे भरावी. राज्याचे अंदाजपत्रक दरवर्षी मार्च महिन्याच्या सुमारास विधिमंडळापुढे येते, आणि ते नागरिकांना वाचावयास उपलब्ध असते. वाचकांनी यंदा त्यातील गृहनिर्माण विभागाचे पान काढावे, त्यात प्रत्यक्ष अनुदान किती आणि हमी किती हे पाहावे, आणि आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना त्याविषयी लेखी प्रश्न विचारावा.